दारावरचा टॉवेल आणि माझी हजेरी

मागच्या आठवड्यात माझ्या जुन्या कॉलेजातून फोन आला. पहिल्या वर्षाच्या मुलांचं स्वागत आहे, माजी विद्यार्थिनी म्हणून या आणि पोरांना दोन युक्तीच्या गोष्टी सांगा, म्हणाले. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यापासून माझं डोकं फिरलेलं आहे. असाच कार्यक्रम माझ्याही पहिल्या वर्षी झाला होता आणि त्यात ऐकलेलं मला अजून सलतं.

तेव्हा कडक इस्त्रीतले एक पाहुणे आले होते. हातात माईक असूनही ओरडत होते. पहाटे उठा, मोठ्याने वाचा, वर्गात खणखणीत बोला, ज्याचा आवाज दबका त्याचा आत्मविश्वास दबका. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण आवाज होणार नाही अशा. म्हणजे मुद्दाम नव्हे, माझे हात तसेच वाजायचे.

आम्ही बोईसरजवळ सालवडला भाड्याच्या खोलीत राहायचो. ओळीने खोल्या, मध्ये एका विटेची भिंत, वर पत्रे. प्रत्येक खोलीतलं कुणी ना कुणी कंपनीत, आणि कंपनी कधी झोपत नाही म्हणून आमच्या चाळीत भर दुपारी कुणीतरी झोपलेलं असायचं. नाईट करून आलेला माणूस आत झोपला की बायको दाराच्या कडीला टॉवेल अडकवायची. टॉवेल दिसला की त्या दारासमोर पाय वाजवायचे नाहीत, बादली आपटायची नाही, रडणारं पोर असलं तर उचलून रस्त्यापलीकडे न्यायचं. हे कुणी शिकवलं नाही आणि कुणी मोडलंही नाही. आमच्या दारावर तर टॉवेल कायमचाच. बाबा लोखंडाच्या कंपनीत होते आणि नाईट घ्यायला दुसरं कुणी तयार नसलं की ते घ्यायचे. त्यामुळे मी बोलायला शिकले ती कुजबुजतच. भूक लागली तर आईच्या कानात सांगायचं. पाढे ओठांत म्हणायचे. टीव्ही लागायचा, पण आवाजाशिवाय. हसू आलं की उशीत तोंड खुपसायचं.

बाबा जागे असले तरी फार बोलायचे नाहीत. मागून हाक मारली तर वळायचे नाहीत. आई त्यांच्या खांद्याला हात लावून जेवायला उठवायची. मला वाटायचं, कामाने चिडचिडे झालेत, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

तर अशा घरातून मी पालघरला सायन्सला गेले. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिली. आईने शेजारणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, अर्थात हळू आवाजातच. बाबांनी एकच अट घातली होती. परीक्षेला बसलीस तर पुढे शिकायचं, नाहीतर कुंभवलीच्या बाजूला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जायचं. मामी तिथेच होती. तिने माझ्यासाठी जागा विचारूनही ठेवली होती. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नुसती वर्षं घालवायला आमच्याकडे वेळ नव्हता.

वर्गात शंभरावर पोरं. सर यायचे, टेबलावर हजेरीपट उघडायचे आणि मान खाली घालून रोल नंबर पुकारायचे. नंबर, प्रेझेंट सर, नंबर, प्रेझेंट सर. वर पंखे घरघरतायत, मागच्या बाकांवर हशा चाललाय. माझा नंबर आला की मी उभी राहून जीव तोडून सांगायचे, प्रेझेंट सर. निदान मला तरी ते जीव तोडून वाटायचं. सर पुढच्या नंबरावर गेलेले असायचे. एकदा तास संपल्यावर त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेले आणि म्हटलं, सर, मी रोज असते. ते चालता चालताच म्हणाले, "ऐकू आलं नाही तर मी काय करू? तोंडात मिठाची गुळणी धरून बसता आणि मग मागे लागता." मान वर करून बघा एवढंच मला म्हणायचं होतं. एवढी वीतभर मान. पण ते म्हणायलाही आवाज लागतो.

माझ्या शेजारी सातपाटीकडची एक मुलगी बसायची. तिची आई मासळी विकायची आणि मुलीचा आवाज असा, की जेट्टीवरून हाक मारली तर होडीतल्या माणसाने वळून बघावं. ती म्हणाली, "रडतेस काय, मी बोलते की तुझ्या नावचं. तू हायस ना इथं? मग खोटं काय त्यात?" मला ते पटलं. आमच्या चाळीत असंच चालायचं. ज्याला ओरडता येत नाही त्याच्यासाठी दुसऱ्याने रस्त्यावर जाऊन रिक्षाला हाक मारायची. दुसऱ्या दिवसापासून माझा नंबर आला की मी उभी राहायचे आणि ती बसल्या जागेवरून प्रेझेंट म्हणायची.

काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी, मला बघायला जी मान कधी वर झाली नव्हती ती झाली. सरांना एकच आवाज दोन नंबरांना आल्याचं कळलं. त्यांनी आम्हाला दोघींनाही उभं केलं आणि मला प्रॉक्सीसाठी पकडलं. प्रॉक्सी म्हणजे वर्गात नसलेल्याची खोटी हजेरी. मी त्यांच्यासमोर चपला घालून, वही उघडून उभी होते आणि माझ्यावर आरोप काय, तर मी नव्हते. आहे की नाही कमाल? मैत्रीण भांडली. तिला वर्गाबाहेर काढलं. मागच्या सगळ्या तासांची माझी हजेरी खोटी धरली आणि आठवड्याने नोटीस बोर्डावर माझा नंबर लागला. परीक्षेला बसता येणार नाही, पालकांना घेऊन भेटावे.

आई येऊ शकत नव्हती, ती पहिल्या पाळीला कँटीनमध्ये भाकऱ्या करायची. बाबा नाईट संपवून शिफ्टच्या बसने आले, घरी नुसतं तोंड धुतलं आणि माझ्याबरोबर एसटीत बसले. डोळे लाल, अंगाला ग्रीसचा वास. मी वाटेत त्यांना सगळं समजावून सांगितलं, माझ्या नेहमीच्या आवाजात. ते खिडकीबाहेर बघत मान हलवत राहिले. मला वाटलं, संपलं. आता पॅकिंग.

स्टाफरूममध्ये सरांनी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. पेपर तपासता तपासता म्हणाले, "मुलगी लेक्चरला येते का नाही, घरी काही लक्ष असतं का तुमचं?" बाबा गप्प. सरांनी पुन्हा विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांच्या ओठांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो सर." सरांनी शेजारच्या सरांकडे बघून हसत म्हटलं, "बघा. वडिलांनाच काही समजत नाही, मुलीला काय दोष द्यायचा."

बाबाही हसले. सर हसले म्हणून हसले. चेष्टा आपलीच चाललीय हे त्यांना माहीत नव्हतं, कारण त्यांना त्यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. ते मला तेव्हा, तिथे उभं राहून कळलं. मागून मारलेल्या हाका, खांद्यावरचा आईचा हात, आवाज बंद ठेवलेला टीव्ही, सगळं एकदम कळलं. यंत्रांच्या धडधडाटात कानात घालायचे बोळे त्यांच्या कंपनीत मोठे साहेब बघायला आले की वाटायचे आणि साहेब गेले की गोळा करून ठेवायचे. हे बाबांनीच मला कधीतरी गंमत म्हणून सांगितलं होतं.

मी बाबांच्या कानाशी वाकले आणि छातीत होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढून ओरडले, "बाबा, सर विचारतायत, मी रोज कॉलेजला येते का नाही!"

स्टाफरूममधला प्रत्येक माणूस वळला. दारातला शिपाई आत आला. बाबा दचकले, मग सरांना म्हणाले, "येते की सर. आमी कामावरून येतो तवा ही एसटीला उभी असते. पावसात पन असते. एक दिवस चुकली नाय." त्यांचाही आवाज मोठा होता. स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा.

सरांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे नीट पाहिलं, वर्ष अर्धं सरल्यावर पहिल्यांदा. "आवाज आहे की तुला," म्हणाले. माफी वगैरे काही नाही. शेजारच्या सरांनी घसा खाकरला, मुलीला बसू द्या म्हणाले, आणि मी परीक्षेला बसले. मेहेरबानीच म्हणायची.

संध्याकाळी मी आईला जाब विचारला. तुला माहीत होतं? ती माझ्या तोंडावर हात ठेवून शेजारच्या भिंतीकडे बघायला लागली. पलीकडच्या खोलीतला माणूस बाबांच्याच कंपनीत होता. ऐकू येत नाही हे बाहेर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवलं असतं. म्हणून तिने आम्हाला इतकी वर्षं गप्प ठेवलं होतं. बाबांची झोप मोडेल म्हणून नाही. पोरं कितीही ओरडली तरी हा माणूस उठत नाही, हे कुणाला कळू नये म्हणून.

आता त्या पोरांना मी काय सांगू? मोठ्याने बोला म्हणू? मी तर म्हणते, कार्यक्रमाला मास्तरांना पुढच्या रांगेत बसवा, मला त्यांच्याशी बोलायचंय. माईक नको.

आणि त्या दिवशीचं एक राहिलं. पालघरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होतो. बाबा स्वतःशीच मान हलवून म्हणाले, "आवाज बदलला तुझा. बारकी होतीस तवाचाच माझ्या डोक्यात होता."