बार्शीटाकळीच्या तुरीतले बारा डबे

मंदाताईंचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. "मॅडम, तुमचे डबे घेऊन जा लागते आता. ट्रॅक्टरवाला म्हन्ते, खांब आडवे येते. मी काही फेकत नाई, पन कवापावतर ठेवू?"

आठ वर्षांनी तो आवाज ऐकत होते. त्याच संध्याकाळी मी अकोल्याचं तिकीट काढलं.

डब्यांबद्दल आधी सांगते. मी अमरावतीला पीएच.डी. करत होते. विषय होता वायरलेस सेन्सर नेटवर्क. सोप्या भाषेत, शेतात खांबांवर बारा डबे. प्रत्येकाची एक तार जमिनीत, ती ओल मोजणार. मग डबा रेडिओवरून शेजारच्या डब्याला निरोप देणार, तो पुढच्याला, असं करत गोठ्यातल्या मोठ्या पेटीपर्यंत. पेटीतलं सिमकार्ड ते आकडे कॉलेजात पाठवणार. शेत मंदाताई आणि त्यांचे यजमान रामभाऊ यांचं, बार्शीटाकळीपासून थोडं आत. पहिल्याच वर्षी दसऱ्याच्या सुमाराला डबे एकेक करून गप्प झाले. बॅटऱ्या बदलल्या, प्रोग्रॅम बदलले, काही उपयोग झाला नाही. पुढे लग्न ठरलं, पुण्याची नोकरी आली, आणि मी प्रबंध अर्धा टाकून निघून गेले.

अकोल्याला सकाळी उतरलात तर स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाऊनच पुढे जा. बार्शीटाकळी वीसेक किलोमीटर. एसटी मिळते, बायकांना अर्धं तिकीट. पण थांबायची तयारी नसेल तर शेअर रिक्षा बरी. डिसेंबरात जा असं मी म्हणेन. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन, कपाशीची शेवटची वेचणी, आणि डोक्याएवढी तूर. रिक्षातून ती तूर दिसली आणि मला माझ्या सव्विसाव्या वर्षाची फार आठवण आली. तेव्हा पायाला चिखल असायचा, पाठीवर लॅपटॉप, आणि डोक्यात एकच प्रश्न.

मंदाताईंनी सोल्याची भाजी आणि भाकर करून ठेवली होती. ओल्या तुरीचे दाणे वाटून केलेली ही भाजी पुण्यात कुठे मिळाली तर मला कळवा. जेवून आम्ही शेतात गेलो. नऊ डबे अजून उभे होते. पण ते मी लावलेल्या उंचीवर नव्हते. प्रत्येक खांबाला बांबू जोडून डबा माझ्या डोक्याच्याही वर नेलेला होता.

"हे कोणी केलं?"

"मीनंच," मंदाताई म्हणाल्या. "तुमी सांगतलं होतं ना, हिरवा दिवा लागला तं निरोप पोचला, लाल लागला तं नाई. तूर वाढली का लाल लागे. म्या म्हटलं, मानूस गर्दीत उभं राह्यलं तं त्याचा आवाज थोडीच जाते! बांबू बांधले. लागला हिरवा."

मी बॅटऱ्यांना दोष देत बसले होते. ती तूर होती. पानांच्या त्या दाट भिंतीतून रेडिओचा निरोप जात नव्हता.

"मंग दोन वर्सं दिव्यांची काच पुसली, सेल बदलले. तुमचं तिकडं दिसत असन, बंद पडू द्याचं नाई."

मी गेल्यावर काही महिन्यांतच प्रकल्पाचा निधी संपला होता आणि सिमकार्ड बंद झालं होतं. तिकडे कोणालाच काही दिसत नव्हतं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नुसती मान हलवली, डबे आणि पेटी पोत्यात भरली आणि निघाले. पेटीत मात्र एक मेमरी कार्ड होतं. आकडे त्यावरही उतरत असत.

दुसऱ्या दिवशी अकोला ते अमरावती. हायवे आता चौपदरी आहे, अडीच तासांत पोचता. राजकमल चौकाकडे गिलावडा खाल्ला. कॉलेजच्या फाटकापर्यंत गेले, आत मात्र गेले नाही. लॅबच्या खिडकीत दुसऱ्याच कोणाची तरी पाठ दिसत होती. मग नागपूर रस्त्याने पुढे, तिवस्याला. माझे मार्गदर्शक सर निवृत्त होऊन तिथे राहतात. वाटेत मोझरीला आश्रमात दहा मिनिटं शांत बसता येतं. मी बसले, पण मन शांत झालं नाही.

सरांनी कार्डावरची धूळ पुसून ते लॅपटॉपला लावलं. चौथ्या प्रयत्नात उघडलं. दोन वर्षांचे आकडे होते. मध्ये एके ठिकाणी हरवलेले निरोप एकदम कमी झाले होते.

"ही तारीख बांबूची असेल तर तुझं सगळं प्रकरण इथे आहे, मीनल," सर म्हणाले. "विचार त्यांना."

मी स्पीकरवर फोन लावला.

"बांबू ना? दुसऱ्या साली घट बसले त्या दिवशी," मंदाताई लगेच म्हणाल्या. सरांनी जुनं पंचांग काढलं. तारीख जुळली. "पन तुमाले कावून इचारा लागते? तुमाले तं दिसतच होतं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"नव्हतं दिसत, मंदाताई. सिमकार्ड बंद झालं होतं. मी गेल्यावर ते कोणीच पाहिलं नाही. काल तुमच्यासमोर सांगायची हिंमत झाली नाही."

"दोन वर्सं?"

"हो."

"आता पाहून राहिले ना?"

"आता पाहतोय."

"मंग सांगा. दुसऱ्या साली पानी गेलं होतं तवा खालच्या धुऱ्यापाशी ओल होती का नाई? मी म्हनत होती, हाय, थांबा. यायनं तिथलं सोयाबीन मोडलं. सात वर्सं झाले, वाद हाय आमचा."

बांधाजवळचा डबा सातवा. मी त्याचे आकडे काढले.

"होती. पोळ्यापर्यंत चांगली ओल होती."

"आयकलं का हो!" फोन तसाच ठेवून त्या ओरडल्या. "मशीन मी म्हनत होती तेच म्हन्ते!" रामभाऊंचं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही. सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले, आणि मग मला रडू आलं.

पुण्यात परतून तीन आठवडे झाले. सर आणि मी शोधनिबंध लिहितोय. लेखकांत तीन नावं आहेत, पहिलं मंदाताईंचं. "माझ्या नावाचं काय करान तिथं?" असं त्यांनी विचारलं, पण आधारकार्डावरचं स्पेलिंग मात्र दोनदा तपासून पाठवलं.

लोक विचारतात, प्रवास कसा झाला. रस्ते चांगले, जेवण उत्तम, जरूर जा. पण माझ्याकडे उरलंय ते वेगळंच. नोकरीत मला दिवसाला पन्नास प्रश्न येतात आणि सगळे संध्याकाळी विसरले जातात. वर्षानुवर्षं एखाद्या उत्तराची वाट पाहावी असं मला कोणी काही विचारत नाही. मीही स्वतःला विचारणं सोडून दिलं होतं.

पेरणीच्या वेळेला बार्शीटाकळीला जायला महिनाभर बिनपगारी रजा मागितली आहे. अजून मंजूर झालेली नाही. रोज सकाळी मी आधी तेवढंच पाहते.