डाव्या रिकिबीचा पट्टा

माझ्या नवऱ्याचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आहे, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, एका जुन्या खोगिरामुळे कळलं. तोवर आम्ही सुखात होतो.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. निवृत्त माणसं सकाळी फिरायला जातात, संध्याकाळी शुगर किती आली ते एकमेकांना सांगतात. ह्यांनी घोडी घेतली. कारण विचारलं तर म्हणाले, "वावरात जाचा रस्ता पाह्यला का? पावसाळ्यात मोटारसायकल फसते. घोडी फसत नाई." कारण खरं होतं. (पावसाळा संपून महिना झाला होता, ही गोष्ट वेगळी.) घोडी वरातीतली होती आणि तीही निवृत्तीला आलेली होती, तेव्हा दोघांचं जमण्यासारखं होतं. तिच्या मालकानं वरातीचा धंदा सोडून डीजेची गाडी घेतली होती, म्हणून त्यानं घोडीबरोबर आपलं जुनं खोगीरही दिलं. खोगिराला दोन्ही बाजूंनी रिकिबी होत्या, म्हणजे पाय ठेवायची लोखंडी कडी. ती ज्या पट्ट्यांना लटकतात, ते पट्टे मात्र नव्हते. त्या जागी सुतळी होती.

"ह्या सुतळीवर पाय देऊन नवरदेव चढत होते?" मी विचारलं.

"नवरदेवाले चार जण उचलून बसवतात," हे म्हणाले. "मले कोन उचलते?"

ह्यांचं वजन पाहता प्रश्न रास्त होता. पट्टे आणायचे ठरले.

आता आमच्या अड्याळमध्ये घोडी एक आणि सल्ला देणारं सगळं गाव. शेजारच्या सिंधूबाईनं नायलॉनची दोरी आणून दिली. गॅरेजवाल्यानं भंगारातल्या गाडीचे सीटबेल्ट काढून ठेवले. ह्यांनी मोबाईलवर परदेशातल्या घोडेवाल्यांचे व्हिडिओ पाहिले आणि जाहीर केलं, की पट्टा चामड्याचाच हवा आणि त्याचं माप म्हणजे बोटाच्या टोकापासून काखेपर्यंत आपला हात.

इथं मी मध्ये पडले. मी बायकांचे ब्लाऊज शिवते, मुलींना शिवण शिकवते. अर्ध्या तालुक्याची मापं माझ्या डोक्यात आहेत. हात मोजून पायाचं काम करायचं, हे माझ्या घरात चालणार नव्हतं.

धानाच्या पोत्यांवर खोगीर ठेवलं. हे त्यावर बसले. मी टेप काढली.

"श्वास सोडा."

"पायाचं माप हाय न? श्वास कायले सोडू?"

"सोडा म्हटलं न."

त्यांनी सोडला. सवयीची गोष्ट असते.

मग आम्ही बाजारातल्या मोच्याकडे गेलो. त्यानं दोन चामडी पुढं टाकली, एक जाड आणि ताठ, दुसरं मऊ. हे ताठ चामड्याकडे वळले. मी मऊ चामडं मुठीत चुरगाळलं आणि सोडलं. सुरकुती पडली नाही. अंगठा आणि बोटात धरून झटकलं. झकास पडत होतं. असं कापड असतं तर मी पूर्ण तागा घेतला असता.

"हेच घ्या," मी म्हटलं. "ते ताठवालं बोचेल."

"अवं, घोडीवर बसाचं हाय, अंगात घालाचं नाई," हे म्हणाले. पण कापडाच्या दुकानात ते कधी जिंकले नव्हते, इथंही जिंकले नाहीत. दोन्ही पट्टे मी स्वतः टेप लावून सारखे कापून घेतले आणि बकलासाठी दोन्हीला एकेकच भोक पाडायला लावलं.

"लोकं पाच-सहा पाडतात," हे पुटपुटले.

"एका हुकासाठी मी सहा काजं करते का? माप बरोबर असलं की एक पुरतं."

घरी आल्यावर मी पट्टे रात्रभर बादलीत भिजत घातले. अस्तर असो की साडीचा फॉल, वापरायच्या आधी भिजवलं नाही तर पहिल्याच धुण्यात आटतं, हे मी क्लासमध्ये पहिल्या दिवशी शिकवते. पट्टे सावलीत वाळवले, रिकिबी ओवल्या, खोगीर घोडीवर चढवलं. हे बसले. दोन्ही पाय दोन्ही रिकिबींत असे बसले, जणू तिथंच वाढले होते. मी सिंधूबाईला मुद्दाम बोलावून दाखवलं.

अडचण एवढीच होती, की ह्यांना बसणं जमत होतं, चढणं जमत नव्हतं. मग चढायचा सराव सुरू झाला. डावा पाय रिकिबीत, हात खोगिरावर, 'जय बजरंग' आणि उडी. बऱ्याचदा उडी अर्ध्यातून परत यायची. घोडी रवंथ करणाऱ्या म्हशीच्या शांतपणानं उभी असे. (तिनं याहून वाईट नवरदेव पाहिले असणार.) आठवडाभर आमच्या अंगणात हेच चाललं.

आणि आठवड्यानं हे घोडीवरून म्हणाले, "अवं, माहा डावा पाय पोचून नाई राहिला."

मी पाहिलं. खरंच. उजवा पाय रिकिबीत नीट टेकलेला, डाव्या पायाची नुसती बोटं लागत होती. पट्टे मी मोजून कापले होते. दोन्ही सारखे होते. मग फरक कशात, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

ह्यांना पलंगावर आडवं करून मी दोन्ही पाय मोजले. अर्धा इंच फरक निघाला. मग मला आठवलं, की ह्यांच्या पायजम्याची डावी मोहरी नेहमी आधी झिजते. पाय आखूड म्हणून पायजमा जमिनीला लागणार, जमिनीला लागतो म्हणून झिजणार. इतकी वर्षं पुरावा मी स्वतःच्या हातानं शिवत होते.

ह्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे मी लंगडा हावो?"

"थोडेसे. काळजी नका करू, मी आहे न."

मोच्याकडून डाव्या चपलेला टायरचा एक थर लावून घेतला. पाय रिकिबीला लागला. चार दिवसांनी पुन्हा लागेना. दुसरा थर लावला. मग तिसरा. पाय दिवसेंदिवस आखूड होत चालला होता. भंडाऱ्याच्या हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, पाय उत्तम आहेत. पण त्यांनी ह्यांना खुर्चीवर बसवून पाहिलं होतं, घोडीवर नाही, म्हणून आम्ही ते फारसं मनावर घेतलं नाही.

आता परिस्थिती अशी झाली, की हे घोडीवर सरळ आणि जमिनीवर वाकडे. तीन थरांची चप्पल घालून चालायला लागले, की उजवीकडे झुकत, डावीकडे उचलत, नदीतल्या डोंग्यासारखे. सिंधूबाईनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "काहून वं, भाऊजीले लकवा मारला का?" मी तिला सगळं खरं सांगितलं. खरं सांगायला नको होतं.

कारण त्याच महिन्यात आमच्या मुलीचं, स्नेहलचं, सानगडीच्या मुलाशी ठरत आलं होतं. मुलगा बँकेत, घरी धानाची शेती, आणि मुख्य म्हणजे स्नेहलला तो आवडला होता. यापूर्वी तिनं तीन जणांना चहा पिऊन होण्याआधीच नाही म्हटलं होतं, त्यामुळे हा हातचा जाऊ द्यायचा नव्हता. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची तेवढी बाकी होती. आणि मध्यस्थांचा फोन आला.

"बाई, ते लोकं पुन्हा येऊन राहिले. मुलीच्या बापाचा पाय दिवसेंदिवस आखूड होते, असं आयकलं त्यायनं. घराण्यात हाय का, विचारून राहिले."

स्नेहलनं माझ्या गळ्यातली टेप काढून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. "आई, माझे पाय मोजायचे नाहीत," एवढंच म्हणाली.

रविवारी पाहुणे आले, मुलाचे आईवडील. विहीणबाईंनी (होणाऱ्या, अजून व्हायच्या) पाणी मागितलं. स्नेहलनं आणलं. मग त्यांनी आणखी पाणी मागितलं. मग बडीशेप. मग पुन्हा पाणी. त्यांची नजर ग्लासावर नव्हती.

"काकू," स्नेहल शांतपणे म्हणाली, "अंगणात एक चक्कर मारून दाखवू का? उजेड चांगला आहे."

विहीणबाई हसल्या, पण ओठांपुरत्या. मग म्हणाल्या, "पोरीचं नाई गा काई. पन पुढं लेकराइले आलं तर?"

ह्यांना हे सहन झालं नाही. "चला, घोडीवर पाहा मले," म्हणून उठले आणि आमच्या बैठकीतून झुकत-उचलत असे बाहेर गेले, की उरलीसुरली आशाही त्यांच्यामागोमाग गेली. पण घोडीवर बसले मात्र ताठ. व्याही खूश झाले. सहा फुटी, आडवा माणूस. "माह्या आज्याजवळ होता घोडा," म्हणाले. "मी बसू का, भाऊ?"

त्यांनी डाव्या रिकिबीत पाय घातला आणि सगळा भार तिच्यावर टाकला. खोगीर करकरलं. घोडीनं प्रथमच मान वळवून पाहिलं. व्याही वर पोचले, उजवा पाय रिकिबीत ठेवला, डाव्यानं चाचपलं. पुन्हा चाचपलं. त्यांचा डावा पाय हवेत लोंबत होता.

"अवो," विहीणबाई हळूच म्हणाल्या, "तुमचाही आखूड हाय?"

"मले काय मालूम?" व्याही वरूनच म्हणाले. "आजवर कोनी सांगतलं नाई."

विहीणबाईंनी थोडा वेळ विचार केला. मग पदर सावरला. "जाऊ द्या मंग. दोनी घरी सारखंच हाय, तं कोन कोनाले बोलते? तारीख काढा."

स्नेहल चहा ठेवायला जी आत पळाली, ती माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही पायांवर उड्या मारत गेली.

पाहुणे गेल्यावर मी खोगीर उतरवलं. समारंभात ह्यांना घोडीवरून मिरवायचं होतं, म्हणून पट्टे पुन्हा एकदा भिजवून घ्यावेत, असा विचार होता. ते काढून कापायच्या टेबलावर शेजारी शेजारी पसरले. डावा पट्टा उजव्यापेक्षा चार बोटं लांब होता.

कापड आटतं, हे मला पाठ आहे. भिजवलेलं मऊ चामडं रोज नव्वद किलो लटकवल्यावर काय करतं, हे शिवणाच्या पुस्तकात नव्हतं. हे माझ्या मागं येऊन उभे राहिले, पट्ट्यांकडे पाहिलं, मग आपल्या चपलेकडे.

"म्हंजे माहे पाय..."

"हळू बोला," मी म्हटलं. "भिंतीपलीकडे सिंधूबाई आहे."

पट्टे बदलले. ताठ चामड्याचे घेतले, सहा भोकांचे. पण ह्यांची तीन थरांची चप्पल मी साक्षगंध होईपर्यंत पायातून काढू दिली नाही. बाप एकाएकी बरा झाला तर लोक काय म्हणतील? आणि बरंच झालं, कारण समारंभाला व्याही आले ते डाव्या बुटाला चांगला दोन थरांचा सोल लावून. फोटोत दोघं शेजारी उभे आहेत, एकाच बाजूला कललेले. सगळे म्हणाले, घराणी कशी एकमेकांना शोभतात.

जेवणं झाल्यावर विहीणबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. इकडंतिकडं पाहून साडी घोट्यापर्यंत उचलली.

"तुमी माप चांगलं घेता म्हनते. माह्ये बी पाहा ना एक डाव."

नाही म्हणायला हवं होतं. पण कपाटातून परत मिळालेली टेप पर्समध्येच होती. मी मोजलं.

अर्धा इंच निघाला. माझ्या टेपनं तो निघतोच.