बुचकाका आणि पालथं ड्रोन

धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकाच खुर्चीवर बसून बुचकाकांनी एकतीस वर्षं जीवरक्षक जाकिटं शिवली आणि दुरुस्त केली, पण त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. साऱ्या धक्क्याला हे ठाऊक होतं. ते नोकरीला लागले तेव्हा जुन्या जाकिटांत बुचाचे तुकडे भरलेले असायचे. पहिले सहा महिने ती जाकिटं उसवायची आणि आतले तुकडे वेचायचे, एवढंच त्यांचं काम. तेव्हा जे नाव पडलं ते पुढं बूच जाऊन फोम आला तरी गेलं नाही.

माणूस फार संशयी. दुसऱ्यांविषयी नव्हे, स्वतःविषयी. एकच शिवण तीनदा तपासायचे. शेडला कुलूप लावून अर्ध्या वाटेवर गेले की परत येऊन ते ओढून बघायचे. त्यांची बायको म्हणायची, "आमच्या ह्यांना आरशात बघूनसुद्धा खात्री पटत नाही की समोर आपणच आहोत." दुरुस्त केलेलं प्रत्येक जाकीट वजन बांधून शेडमागच्या सिमेंटच्या टाकीत चोवीस तास तरंगवल्याशिवाय त्यांनी कधी कुणाच्या हाती दिलं नाही.

एक वाक्य मात्र ते न अडखळता बोलायचे. बोटीवर नवीन माणूस लागला की त्याला शेडमध्ये पाठवत आणि काका त्याच्या गळ्यात जाकीट घालून सांगत, "फोम गळ्याशी जास्त, कमरेशी कमी. कमरेला बांधलात तर तुम्ही तरंगाल, पण पालथे." नावाडी तर त्यांची नक्कल करायचा. हा नावाडी त्यांच्याच वयाचा, धक्क्यावरचा त्यांचा एकुलता एक मित्र, आणि काकांना 'बुच्या' म्हणायची मुभा असलेला एकटाच.

घरात काकांचं सगळ्यात जास्त कुणाशी जमत असेल तर सुनेशी. ती धक्क्यासमोरच्या तलाव कार्यालयात होती. जलपर्णी कुठवर पसरली, बोटींच्या वाटेवरचे तरंगते बोये जागेवर आहेत की सरकले, हे ती ड्रोन उडवून वरून बघायची आणि फोटो काढायची. दुपारी डबा खायला शेडमध्ये यायची. दोघं समोरासमोर बसून फारसं न बोलता जेवायची, आणि त्या न बोलण्याचा दोघांनाही आराम वाटायचा.

तिच्या आधी जो ड्रोन उडवायचा त्याचं यंत्र तलावात पडलं होतं. चार दिवस गळ टाकून शोधलं. कुणीतरी मोठं लोहचुंबक आणलं. ड्रोन प्लास्टिकचं, त्याला लोहचुंबक काय करणार? त्यातून दोन चमचे आणि सायकलची घंटी वर आली. कार्यालयाचे साहेब भले माणूस होते, पण मुख्य कार्यालयाचं पत्र त्यांच्या हातात होतं. दुसरंही यंत्र हरवलं तर इथलं उड्डाणाचं काम बंद, आणि उडवणाऱ्या कर्मचाऱ्याची बदली मुख्य कार्यालयात. म्हणजे सात तासांवर. काकांचा मुलगा इथल्या दवाखान्यात एक्स-रे काढायचा, नात चार वर्षांची. बदली झाली तर नात कुणाजवळ राहायची, हा प्रश्न घरात कुणी विचारला नाही. पण तो विषय आला की आमटीत मीठ कमी आहे असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे लगेच मान डोलवायचे.

ड्रोन पाण्यात पडलं तरी बुडू नये म्हणून काय काय मिळतं, ते सुनेनं एकदा फोनवर काकांना दाखवलं. एक होती पाणी लागताच आपोआप फुगणारी पिशवी, पण ती इतकी जड की ड्रोन निम्माच वेळ उडायचं. दुसरी एक छोटी फिरकी. यंत्र तळाला गेलं की त्यातली गोळी विरघळते, दोरी सुटते आणि दोरीच्या टोकाचा गोळा वर येऊन जागा दाखवतो. पण इथं तलावाचं पाणी सोडायच्या दरवाजाजवळ पाणी त्या दोरीहून खोल. शिवाय सकाळच्या धुक्यानं गोळी हवेतच विरघळली तर दोरी पंख्यात अडकायची आणि जे पडलं नसतं तेही पडायचं. तिसरा प्रकार फोमच्या नळ्यांचा, हलका आणि साधा. पण त्यांच्या ड्रोनच्या मापाचा यायला दोन महिने लागणार होते.

"बाबा, तुम्हीच करा ना," ती म्हणाली.

काका म्हणाले छे, आपण जाकीटवाले, हे विमानाचं काम. तेव्हा त्यांची बायको म्हणाली की विमानाचं नव्हे, पाण्यात पडलेल्या विमानाचं आहे, आणि पाण्यात पडलेल्यांचं दुसरं काय करत आलात इतकी वर्षं?

मग काकांनी ते मनावर घेतलं. सुनेनं ड्रोनचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून सांगितलं, सव्वा किलोच्या थोडं वर. खरं यंत्र टाकीत भिजवता येईना, म्हणून काकांनी पत्र्याच्या डब्यात तेवढ्याच वजनाची वाळू भरली, डब्याला चार पाय ठोकले आणि पायांना नारिंगी कापडात शिवलेल्या फोमच्या दोन नळ्या बांधल्या. डबा बदकासारखा तरंगला. चोवीस तास तरंगला. तरी त्यांची खात्री पटेना, म्हणून आणखी दोनदा तरंगवला. तीनदा तपासलं, पण तिन्ही वेळा तोच डबा आणि तीच तळाशी बसलेली वाळू.

त्या नळ्यांचा फ्लोट ड्रोनच्या पायांना बांधून नऊ उड्डाणं सुखरूप झाली. दहाव्या खेपेला, बुधवारी दुपारी, घारीनं झडप घातली.

सून धक्क्याच्या पायऱ्यांवर उभी राहून उडवत होती. स्क्रीनवर एकदा पंख दिसले, मग आकाश, मग पाणी, आणि मग काहीच नाही. शेवटची जागा तेवढी ठिपक्यानं दिसत होती. नावाड्यानं मोटरबोट काढली आणि ठिपक्यावर जाऊन वीस मिनिटं गोल गोल फिरला. उन्हानं पाणी असं चमकत होतं की डोळे उघडे ठेवणं मुश्कील. काही दिसलं नाही. साहेब कार्यालयातून खाली आले. वारा पश्चिमेचा होता, तेव्हा तरंगत असेल तर पूर्वेच्या लव्हाळ्यातच लागणार, असं सगळ्यांचं मत पडलं आणि बोट तिकडं गेली. तास झाला. लव्हाळ्यात तीन टोप्या आणि एक फुगा सापडला.

सून पायरीवर बसून होती. रडत नव्हती. मांडीवर ड्रोनची रिकामी पेटी, हातात जादा बॅटरी, आणि ती बॅटरी नुसतीच या हातातून त्या हातात. काका तिच्याशेजारी बसले. तिच्या हातून ती बॅटरी घेऊन पेटीत ठेवायला लागले आणि तिथंच थांबले. बॅटरी विटेसारखी जड होती.

"ही कुठं बसते गं?"

"वर. वरून सरकवायची."

"आणि वजन?"

"अर्धं वजन हिचंच की, बाबा."

वाळूच्या डब्याचं वजन तळाला होतं, ड्रोनचं डोक्यावर. आणि फोम त्यांनी बांधला होता पायांना. एकतीस वर्षं जे दुसऱ्यांना बजावलं, नेमकं तेच त्यांनी केलं होतं. यंत्र तरंगत असणार, पण पालथं. पाय वर, बॅटरी खाली लोंबकळत.

गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं. फोम सुटला असेल, म्हटलं असतं सगळ्यांनी, आणि काकांनीही मान डोलवली असती. पण डोक्यात एक गोष्ट सुरू झाली आणि थांबेना. धक्क्यावरून पाण्यात पडलेल्या वस्तू कुठं जातात हे खुर्चीवरून त्यांनी इतकी वर्षं पाहिलं होतं. रिकामी बाटली वाऱ्याबरोबर जाते आणि लव्हाळ्यात अडकते. अर्धी भरलेली बाटली खोल बसते. वरून तिचं बूडसुद्धा धड दिसत नाही. तिला वारा लागत नाही, ती पाण्याबरोबर जाते. आणि या तलावाचं पाणी, दिसत नसलं तरी, दरवाजाकडं ओढ घेतं. दरवाजा रोज चार वाजता उघडायचा आणि जवळ असेल ते कालव्यात ओढून न्यायचा. तो पाटबंधारे खात्याच्या ताब्यात, साहेबांच्या नव्हे. आता पावणेतीन झाले होते.

काका उठले. साहेबांपुढं उभे राहिले. एव्हाना नावाडी बोट घेऊन परत आला होता. सून वर बघत होती. ज्यांच्यासमोर बोलू नये असं वाटत होतं, ती सगळीच हजर होती.

"साहेब, फ्लोट मी चुकीचा बांधलाय."

साहेबांनी विचारलं, म्हणजे बुडालं?

"नाही. पालथं झालंय. ते लव्हाळ्यात जाणार नाही. दरवाजाकडं चाललंय." आणि मग बाटल्यांचं सगळं त्यांनी सांगितलं. अडखळत, शब्द गिळत, पण सांगितलं.

नावाड्यानं बोटीतूनच विचारलं, "आम्हाला जन्मभर शिकवलंस आणि स्वतः कमरेला बांधलंस होय रे बुच्या?"

"बांधलं."

"मग बस बोटीत. कुठं ते तूच दाखव."

काका बोटीत बसले. स्वतः शिवलेलं जाकीट घातलं, बक्कल तीनदा ओढून पाहिलं, आणि मग सुनेचंही. नावाड्यानं मोटर मंद ठेवली. काका फक्त हातानं जरा इकडं, जरा तिकडं दाखवायचे. दरवाजाची भिंत मोठी होत चालली. घड्याळ बघायचं नाही असं ठरवून ते घड्याळच बघत होते. तीन दहा. तीन वीस. आपण चुकलो असलो तर? तिकडं लव्हाळ्यातच असलं आणि इकडं आपण सगळ्यांना उगीच फिरवत असलो तर?

सुनेनं बोट केलं. भिंतीपासून पन्नास-साठ हातांवर, दोन लाटांच्या मध्ये, कुणीतरी चपलांचा जोड काढून ठेवावा तशा दोन नारिंगी पट्ट्या हलत होत्या.

नावाड्यानं मोटर बंद केली. सून बाहेर वाकली तेव्हा काकांनी मागून तिच्या जाकिटाचा पट्टा दोन्ही मुठींत धरला आणि ती पुन्हा बसेपर्यंत सोडला नाही. जाळीत यंत्र आलं. पाणी निथळत, एक पंखा मोडलेला, पण आख्खं. तिनं पहिल्यांदा बॅटरी काढली, मग कॅमेऱ्यातलं कार्ड काढून ओढणीच्या टोकाला पुसलं, आणि मग एकदम तिला हसू आलं आणि ते थांबेना. नावाडीही हसायला लागला. काकांचा जीव भांड्यात पडला होता, पण त्यांना हसता येईना. ते आपल्या रिकाम्या मुठी बघत बसले होते.

"बाबा, दरवाजाकडं शोधायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नसतं," ती म्हणाली.

"नीट बांधला असता तर मोटरी कोरड्या राहिल्या असत्या."

"आणि न बोलता बसला असता तर मी आत्ता सामान बांधत असते."

धक्क्यावर साहेबांना यंत्र लगेच चालू करून बघायचं होतं. तिनं साफ नकार दिला. ओलं यंत्र चालू केलं की उरलंसुरलं जळतं. मग तीन दिवस ड्रोन घरी इस्त्रीच्या टेबलावर पंख्याखाली पडून होतं. नातीला त्या खोलीत बंदी, त्यामुळं ती दिवसभर दारातच उभी. काकांची बायको येता-जाता ड्रोनकडं बघून म्हणायची की घरात आजारी माणूस असला तरी एवढी शांतता पाळत नाहीत. चौथ्या दिवशी तीन मोटरी फिरल्या आणि चौथी गुरगुरली. पंखा आणि ती मोटर बदलली. कार्डावरचे फोटो सगळे नीट निघाले.

अहवाल सुनेनं जेवणाच्या टेबलावर लिहिला. पडण्याचं कारण घार, हे लगेच लिहून झालं. पुढच्या ओळीशी ती थांबली आणि फ्लोटविषयी काय लिहू असं तिनं विचारलं. काका म्हणाले, चुकीच्या जागी बांधला होता असं लिही. मग म्हणाले, "कुणी बांधला तेही लिही."

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. मुख्य कार्यालयाच्या पत्रात शब्द होता 'हरवल्यास'. साहेब म्हणाले, जे माझ्या टेबलावर ठेवलंय ते हरवलंय असं मी कुठल्या तोंडानं लिहू? बदलीचा कागद त्यांनी भरलाच नाही. फ्लोटच्या परिच्छेदाची नक्कल मात्र इतर तलावांच्या कार्यालयांना पाठवली, तळाला 'फोम वर बांधावा' असं स्वतःच्या अक्षरात लिहून. सुनेनं ही बातमी फोनवर शेडमध्ये कळवली. काकांनी मशीन बंद केलं, दार लोटलं आणि दुपारी दोन वाजता, नोकरीच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदा, खुर्चीवरच तासभर गाढ झोपले.

पुढचा फ्लोट त्यांनी ड्रोनच्या चारी हातांवर, पंख्यांखाली, गळपट्टीसारखा बांधला. या वेळी डब्यावर बॅटरीएवढ्या वजनाचा विटेचा तुकडा बांधून तपासला. किती वेळा तपासला ते विचारू नये.

त्यानंतरच्या सोमवारी सुनेनं पुन्हा उड्डाण केलं. ड्रोन वर गेलं तसं तिनं काकांना हाक मारून स्क्रीनजवळ बसवलं. त्यांनी याआधी कधी बघितलं नव्हतं, आपल्याला काय कळतंय म्हणून. धक्का दिसला, शेडचा पत्रा दिसला, आणि पत्र्याशेजारी दोरीवर वाळत घातलेल्या जाकिटांची रांग दिसली, वरून अगदी सरळ.

"एवढी सरळ असतात होय?" त्यांनी विचारलं.

"रोजच असतात, बाबा," ती म्हणाली, आणि यंत्र तिनं पाण्यावर घेतलं.