मडावी मॅडम आणि उद्घाटनाच्या पडद्यावरची लाल ओळ

मडावी मॅडमची आणि माझी पहिली गाठ पडली तीच मुळी धक्क्याने. सिंदेवाहीहून मी नुकताच चंद्रपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आलो होतो आणि मला चांगलीच शिंगे फुटली होती. माझा प्रोग्राम भर वर्गात झकास चालवून दाखवला आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो. मॅडमनी तो एका तपासणीच्या टूलमध्ये टाकला. हे टूल प्रोग्राम न चालवताच त्याचा कोड ओळ न् ओळ वाचते आणि चोराला कुठून शिरता येईल ते लाल रंगात दाखवते. सगळा पडदा लालेलाल! मी ओरडलोच, "मॅडम, पण चालते तं!" मॅडम म्हणाल्या, "चालते ना बाबू. चोरायचंही काम चालते त्यानं." वर्ग खो खो हसला. मी चार दिवस कोणाला तोंड दाखवले नाही.

मॅडमच्या माहेरच्या गावी नवे धान्य देवाला दाखवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. तोच नियम त्यांनी आमच्या लॅबला लावला होता. नवा कोड टूलला दाखवल्याशिवाय वापरायचा नाही, मग प्राचार्य दारात उभे असोत. आम्ही चिडवायचो, "मॅडम, टूलले कोंबडं बी लागते का?" त्या चष्म्यावरून पाहून म्हणायच्या, "तुमचा कोड पाहून तं बकराच लागन." अशा कडक बाई पुढे मला सहकारी म्हणून लाभल्या, हे माझे भाग्य.

कडक खऱ्या, पण मनाने लोणी. हेमलकशाच्या बाजूच्या गावांसाठी मॅडमनी सिकलसेलच्या नोंदींचा एक प्रोग्राम विनामूल्य तयार केला. सिकलसेल म्हणजे आईबापांकडून लेकरांच्या रक्तात येणारा आजार. आपल्याकडे तो घरोघरी आहे आणि घरोघरी लपवला जातो, कारण बाहेर कळले की पोरीची सोयरीक मोडते. त्याच्या उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात तिकडच्या आरोग्य केंद्रातल्या सुनंदा सिस्टरचा फोन आला. तापाने फणफणलेले लेकरू समोर, रेंज गायब झालेली आणि पासवर्ड नेटवरून तपासणारा चाचणीतला प्रोग्राम काही केल्या उघडेना. तिने टेकडीवर चढून फोन लावला होता. मॅडमचा जीव कळवळला. असे पुन्हा होऊ नये म्हणून त्यांनी सर्व केंद्रांसाठी एकच कायमचा पासवर्ड कोडमध्येच लिहून टाकला आणि सुधारलेला प्रोग्राम लगेच चाचणीच्या फोनांवर पाठवला.

उद्घाटनाला सभागृह गच्च भरले होते. गंमत म्हणून टूलचे प्रात्यक्षिक मीच ठेवले होते. आठवड्यापूर्वी सारे स्वच्छ आले होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. बटण दाबले आणि बाप रे! पडद्यावर एक लाल ओळ. पासवर्ड उघडा. तो ठाऊक असलेल्या कोणालाही कोणाचीही नोंद वाचता येईल. हा गाढवपणा कोणाचा, म्हणून मी लॅबमधल्या मुलांकडे डोळे वटारले, तोच मागून मॅडमचा आवाज आला, "त्यायच्याकडे नको पाहू. ओळ माही आहे."

पाहुणे साहेब खुर्चीतून झुकून कुजबुजले, "मॅडम, आता रिबन कापून घेऊ. उद्या करा दुरुस्त." मॅडम माईकवरच बोलल्या, "साहेब, ह्या ओळीनं गावोगावच्या पोरी उघड्या पडून राह्यल्या. उद्घाटन नाई होणार. घाईत मीच टूलले न दाखवता पाठवली." निवृत्तीच्या तोंडावर, सगळ्या जिल्ह्यासमोर कोणी असे बोलते का हो?

खरा हादरा तर बाहेर व्हरांड्यात बसला. सुनंदा पांढरीफटक पडून उभी होती. "मॅडम, माहं बी नाव हाये त्यात. सिरोंच्याले सोयरीक जुळून राह्यली माही."

चाचणीच्या फोनांवरून ती ओळ त्याच संध्याकाळी निघाली. पण तोवर कोणी काही वाचले होते का, हे कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी मॅडम मला घेऊन सुनंदाच्या घरी गेल्या आणि तिच्या वडिलांपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. "भाऊ, पोरीले मदत कराले गेली न् तिलेच अडचणीत टाकलं. चूक माही आहे." आमच्या मॅडमना हात जोडताना मी जन्मात पाहिले नव्हते. मग आतून सुनंदा आली, "बाबा, कोणी सांगाच्या आंधी मीच सांगतो सिरोंच्याच्या पाहुण्यायले," म्हणाली आणि फोन घेऊन अंगणात गेली. मी तर थक्क झालो!

मॅडमच्या साठीनिमित्त हा प्रसंग छापायचा तर सुनंदाची परवानगी हवी, म्हणून परवा चाचरत फोन केला. पलीकडून ती हसली. "लिहा ना भाऊ, नावानिशी लिहा. ह्यायनं बी रक्त तपासून घेतलं, मंगच लगन झालं आमचं. मॅडम भर सभेत बोलल्या, मी कायले लपू?"

फोन ठेवला आणि लिहायला बसलो. मॅडम, आपण साठीच्या झालात. आपले डोळे असेच तेज राहोत, गुडघे कुरकुर न करोत आणि आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. चुकलो तर माईक हातात घेऊन तसे सांगायची हिंमत आमच्यात अजून यायची आहे. ती येईपर्यंत तरी आम्हाला आपण हव्या आहात.