तोरणाखालची कडूबाची झडती

उंद्रीत पोळ्याला तोरणाखाली पहिली झडती कडूबाच म्हणायचा. झडती म्हणजे बैलांचं कौतुक करणारी, गावाला चिमटे काढणारी, त्याच वर्षी जुळवलेली कवनं. ती संपली की गाव 'हर हर महादेव' गर्जायचं आणि बैल सुटायचे. दीड एकराचा वांग्यांचा मळा, अक्षराशी गाठ नाही. पण वीस वर्षं हा मान त्याचाच.

त्या साली वऱ्हाडात दारूबंदीचं वारं होतं. गावचा पुढारी म्हणून शपथ मी दिली, नियमही माझाच: शपथ मोडेल तो तोरणाखाली उभा राहणार नाही. पहिला अंगठा कडूबाचा होता.

पोळ्याला पंधरा दिवस उरले होते. बाजारात कडूबाला गिऱ्हाइकाशी बोलताना ऐकलं आणि मी थबकलो. शब्द एकमेकांत लडबडलेले, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ.

"सकाळीच घेतली का बे कडूबा?" शेजारच्या पालातून रंगराव हसला.

कडूबा काहीतरी बोलला. कुणाला कळलं नाही. तो चिडून ओरडला, तेव्हा तर पक्का प्यालेलाच वाटला. वास नव्हता, म्हटलं, लवंग चघळली असेल. भर बाजारात सांगून टाकलं, "यंदा तुझी झडती बंद!"

संध्याकाळी त्याची बायको झुंबरबाई दारात आली. "भाऊ, परवा सकाळी हे उठले तं तोंड वाकडं झालं होतं. थेंब नाही घेतला त्यायनं."

"नवऱ्याले झाकून राह्यली तू."

"मंग येऊन पाहा ना! दुरून काऊन पारख करता?"

गेलो, पण न सांगता. मळ्याच्या कुंपणाच्या काट्यांत दबा धरून बसलो. कडूबा मोट हाकत होता. बैल उताराला लागले की झडतीची एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवत होता. मधेच त्यानं वाळल्या भोपळ्याचा तुंबा तोंडाला लावला. सापडला! मी धावत जाऊन तुंबा हिसकला आणि घटकन प्यालो.

पाणी. त्यातलं निम्मं त्याच्या अंगातल्या बंडीवर सांडलेलं.

कडूबानं माझ्याकडे रोखून पाहिलं. एकेक शब्द ढकलत बोलला, "अक्कल... नाही... गेली. जीभ... गेली."

तरी मी त्याला चिखलीच्या दवाखान्यात नेलंच. डॉक्टर म्हणाले, मेंदूला झटका बसलाय. ओठांना, जिभेला हुकूम नीट पोचत नाही. याला सगळं समजतं, शब्दही आठवतात. सावकाश बोलू द्या, तोंडाकडे पाहून ऐका, मधे तोंड घालू नका.

"दारूनं नाही ना?"

"किती वेळा विचाराल?"

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली मी मोठ्यानं सांगितलं, चूक माझी. रंगराव पुटपुटला, "पुढाऱ्याले वांगी पोचली वाटते." मी ऐकून घेतलं.

कडूबा पुढे आला. एका श्वासाला एक शब्द.

"वांगं... माहं... मळ्यात,
पाणी... माह्या... तुंब्यात,
पुढारी... लपला..."

शेवटचा शब्द अडला. बैल खूर आपटायला लागले, पोरीबाळी हसल्या. रंगरावानं शब्द पुरवायला तोंड उघडलं; मी त्याचं मनगट आवळलं. मलाही तो शब्द ठाऊक होता. अंगावरचे ओरखडे अजून गेले नव्हते.

कडूबानं श्वास भरला.

"काट्यात!"

आणि सगळी उंद्री माझ्याकडे बघत गर्जली, "हर हर महादेव!"