पंचमीच्या दिवशी शस्त्र लावू नये

एक शेषावर शयन करतो, दुसरा वासुकीला कंठी धारण करतो. त्या हरिहरांना नमस्कार करून, श्रावण शुद्ध पंचमीच्या या सकाळी हे चार शब्द लिहावयास बसलो आहे. माजघरातून हळदीच्या पानांचा वाफाळ गंध येतो आहे. पाने हातानेच खुडलेली. विळी कालच भिंतीशी आडवी करून ठेवलेली. आज चिरू नये, कापू नये, खणू नये, चुलीवर तवा चढवू नये. भूमीच्या उदरात राहणाऱ्या त्या जीवाला चुकूनही इजा पोहोचू नये, एवढाच त्या नियमाचा कोवळा आशय. तो मी वडिलांकडून घेतला आणि चौलातल्या कितीतरी घरांना सांगितला. परंतु या गंधामागोमाग दरवर्षी दुसराच एक वास मनात चढत येतो, सुपारीच्या वाडीत गळून कुजलेल्या पानांच्या पातेऱ्याचा, ओलसर आणि उबदार. आणि मग वाढलेले पान मी तसेच सारून उठतो.

स्वातंत्र्याला सहा-सात वर्षे झाली असतील. आमची वाडी काशिनाथ राखीत असे. ज्येष्ठाच्या आरंभी माडाची आळी करताना त्याची कुदळ पातेऱ्याच्या ढिगावर पडली, ती थेट आत वेटोळे घालून बसलेल्या धामणीच्या पाठीवर. ती आपल्या अंड्यांना वेढून बसली होती. मातीने माखलेले हात पुढे धरून काशिनाथ अंगणात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या ओठांना रंग नव्हता. त्याची बायको जानकी पहिलटकरीण होती, चौथा महिना चालू होता. आणि सर्पहत्येचा दोष गर्भाला बाधतो, हे त्या भाबड्या माणसाने जन्मभर ऐकलेले.

"भटजी, माझ्या हातून मेली वो ती. आता माझ्या घरात काय व्हनार?"

मी पोथी उघडली नाही. त्याच्या मुद्रेकडे पाहून जे सुचले ते सांगितले: तिची अंडी राख, त्यांतला एक जीव जरी वाडीत सुखरूप सोडलास, तरी तिचा वंश राहील आणि तुझ्या घराला काही बाधणार नाही. मला ते प्रायश्चित्त सौम्य वाटले होते. एका मुक्या अंड्याच्या पोटात मी एका माणसाची सारी शांती ठेवून देत आहे, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

आठ अंडी होती. तीन कुदळीखाली चिरडलेली. उरलेली आम्ही ओल्या पातेऱ्याने भरलेल्या मडक्यात, देवघराबाहेरच्या सावलीत ठेवली. आषाढात एकेक काळवंडत गेले, आणि श्रावण लागला तेव्हा एकच शुभ्र राहिले, चामड्यासारखे मऊ, फुगीर, दिव्याशी धरले की आत सावली हलणारे. जानकी रोज पाहायला येई. पहिल्या दिवशी दारातूनच हसली, "अवं भटजी, तुमच्या सोवळ्यात आता अंडं चालतं व्हय? मंग उद्या आमची कोंबडी पन आनते, तिलाबी बसवा!" आमच्या सौभाग्यवतींनी पदराआड हसू लपवले. पुढे जानकी त्याला 'दादा' म्हणू लागली. तिला पाठचा-पुढचा भाऊ नव्हता, आणि पंचमीला बायका नागालाच भाऊ मानतात. येताना कधी ओल्या मातीची मूठ आणी, कधी नुसतीच मडक्याशी बसून त्याच्याशी घरचे काही बोले. आता विचार केला तर वाटते, त्या दोन महिन्यांत ते अंडे आम्हा चौघांच्याही घरातले झाले होते.

आणि नेमकी पंचमीच्या सकाळी त्या कवचावर केसाएवढी चीर उमटली. तीतून नाकाचे टोक आले, काळ्या दोऱ्यासारखी जीभ एकदा हवेत थरथरली. पाटावर चंदनाचे नाग काढले होते, लाह्या-दूध ठेवले होते. आणि साक्षात तोच दारी आला म्हणून काशिनाथाने मडक्यापुढे साष्टांग घातला.

मध्यान्ह झाली, तरी चीर तेवढीच राहिली. तिच्या कडा वाळून त्या इवल्या मुखाभोवती आवळू लागल्या होत्या. अंडे आतून ढवळे, थांबे, पुन्हा ढवळे. प्रत्येक थांबणे आधीच्याहून लांब होत होते. काशिनाथाने कमरेचा कोयता काढला.

"नुसतं पातं टेकवतो, भटजी. एवढीशी चीर."

"आज शस्त्र लावायचं नाही, काशिनाथ."

"मंग नखानं फाडू?"

मी विचार केला. विचार केला, हे मला स्पष्ट आठवते. घाईत बोललो असतो तर कदाचित स्वतःला क्षमा करू शकलो असतो. "नखानं फाडलं तरी ते छेदनच," मी म्हणालो. "उद्या उजाडू दे."

"भटजी," जानकी एकदम म्हणाली, "ज्याच्यापायी आज कापायचं न्हाय, त्योच आत गुदमरतोय की!"

"गप ऱ्हा. भटजींना ठावं हाय," काशिनाथ तिच्यावर ओरडला.

मी पळीने त्या चिरेवर पाणी सोडत राहिलो, नागांची नावे उच्चारीत राहिलो. खाडीकडून ओला वारा येत होता, केवडा दरवळत होता, शेजारच्या अंगणात सासुरवाशिणी फेर धरून गात होत्या. दिवेलागणीला अंडे शेवटचे हलले. ते शेवटचे होते, हे मागाहून कळले.

अरुणोदय होताच मी स्वतः कोयता घेतला. कवच ओल्या कागदासारखे उलगडले. त्याला काही बळ लागले नाही, किंचितही नाही. आत तो वेटोळे करून निजला होता; खवला न् खवला रेखलेला, डोळे घडलेले, कशाचीच उणीव नाही. काशिनाथाने त्याला ओंजळीत घेतले, कितीतरी वेळ धरून ठेवले.

"तुमी सांगितलंत तसंच केलं ना आपन?" तो म्हणाला. "मंग आता माझ्या घरात काय व्हनार, भटजी?"

जानकी भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून उभी होती. 

कार्तिकात तिला सुखरूप कन्या झाली. भटजींच्या जपाला यश आले, असे लोक म्हणाले. मी मान खाली घातली.

पुढच्या पंचमीला पूजा आटोपून देवळातून परतत होतो. वानरांना अडवायला वाडीच्या कुंपणाला कोळ्यांकडचे जुने जाळे बांधले होते, त्यात एक धामण गुरफटली होती. काशिनाथ उकिडवा बसून, एका हाताने तिची मान अलगद धरून, कोयत्याच्या टोकाने एकेक धागा कापीत होता. मागे जानकी लेकीला कडेवर घेऊन उभी. त्याने मला पाहिले. मला वाटले, आज पाते लावू का, असे आता विचारील. त्याने मान वळवली आणि पुढचा धागा कापला.

शेवटचा पाश तुटेपर्यंत मी तेथेच उभा होतो, ताम्हन हातात तसेच. धामण गवतात शिरली. गवत थोडे हलले आणि मिटले. त्यानंतर तो मला पुष्कळ गोष्टी विचारीत आला, मुहूर्त, नावे, श्राद्धाच्या तिथी. हे मात्र कधी नाही. त्याने विचारले असते तर मी काय सांगितले असते, हे मला आजही निश्चयाने म्हणता येत नाही.

वाचकहो, तुमच्या लेकीबाळी सुखी असोत, तुमची भूमी ओली आणि अभंग राहो; आणि तुमच्या दारी कोणी गुदमरत असेल, तर त्या घटकेस तुमच्या घरातल्या हातांना माझ्यासारख्याला विचारावे न लागो.