अकराव्या नंबरची जागा

१५ जुलै १९७४, सोमवार, सकाळचे दहा. तो दिवस मी विसरलेलो नाही. मी रिसोड पोलीस ठाण्यात फौजदार होतो; हजेरी नुकतीच आटोपली होती. रिठदचा एक लहान शेतकरी आपल्या बी.ई. झालेल्या मुलाला घेऊन समोर उभा राहिला.

मुलाला एका संस्थेत एम.टेक.साठी प्रवेश मिळाला होता. गुरुवारी पदवीचे मूळ प्रमाणपत्र दाखवले नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. ते प्रमाणपत्र बापाने एस.टी. स्टँडजवळच्या लॉजवर उतरलेल्या एका ‘प्रोफेसर’च्या स्वाधीन केले होते. आता तो ओळखही दाखवत नव्हता.

“तो म्हने, तुह्या पोराचं कॉलेज देशात अकराव्या नंबरचं. मी पह्यल्या नंबरात टाकून देतो,” बाप म्हणाला.

“मले नंबर नव्हता पाह्यजे, बाबा. जागा भेटली होती ना? कायले देल्लं?”

“अकरावा म्हनल्यावर मन खट्टू झालं, लेका.”

फिर्याद नोंदवली. प्रमाणपत्र परत मागायला मुलगा लॉजच्या खोलीत जाऊन आला होता, म्हणून त्याच्याकडून तिचा कच्चा नकाशा काढून घेतला. ठाण्यातील पेन्सिल बोथट होती. त्याने ब्लेडने लाकूड लांबवर सोलले, शिसे बरेच उघडे केले आणि रद्दी कागदावर घासून त्याला सुताराच्या पटाशीसारखी चपटी धार आणली. मी कारण विचारले.

“ड्रॉइंगची सवय हाय साहेब. इंजिनीअरिंगच्या पह्यल्या वर्षीच हातात बसते.”

त्या इसमाला ठाण्यात आणले. झडतीत काही मिळाले नाही. आपण पहिल्या क्रमांकाच्या कॉलेजचे एम.ई. आहोत असे सांगून त्याने देशातील कॉलेजांचे क्रम तोंडपाठ म्हणून दाखवले. प्रमाणपत्र घेतल्याचे साफ नाकारले. “खेड्यातली माणसं, त्यांचा गैरसमज होतो,” असेही वर ऐकवले. साक्षीदार कोणी नव्हता.

मी त्याच्यासमोर दुसरी बोथट पेन्सिल आणि ब्लेड ठेवले. “तुम्हीही खोलीचा नकाशा काढा.”

त्याने शाळकरी पोरासारखे आखूड टोक केले. मी दोन्ही पेन्सिली शेजारी ठेवल्या.

“प्रोफेसर, कोणत्या नंबरच्या कॉलेजात असं टोक करायला शिकवतात?”

त्याने पाणी मागितले आणि सगळे कबूल केले. प्रमाणपत्रावर फोटो नसतो. मुलाच्या नावाने दूरच्या जिल्ह्यात ओव्हरसियरची नोकरी धरण्याचा त्याचा बेत होता. प्रमाणपत्राचे पाकीट त्याने स्टँडसमोरच्या चहावाल्याकडे सांभाळायला दिले होते. ते पंचांसमक्ष जप्त केले.

परंतु जप्त झालेली वस्तू हा मुद्देमाल. न्यायालयाच्या आदेशाशिवाय ती परत देता येत नाही. बापलेकांना जीपमध्ये बसवून वाशीम गाठले. न्यायदंडाधिकाऱ्यांनी प्रवेशाची तारीख पाहिली, नक्कल ठेवून घेतली आणि मूळ प्रत सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर, मुलाला देण्याचा आदेश दिला.

मुलाला तिथूनच अकोल्याच्या गाडीत बसवले.

“जाय आता अकराव्यात,” बाप खिडकीपाशी म्हणाला. “कागद छातीशी ठेवजो.”

“ठेवतो. तुमी आता कोनाले नंबर इचारू नका.”

बैल घेताना त्याचे दात तपासणारा हा माणूस. कॉलेजांचे क्रम कोणी लावले, हे मात्र त्याने विचारले नाही, कारण सांगणाऱ्याच्या अंगावर कोट होता. त्या दिवसापासून मी चौकशीत माणसाच्या बोलण्याआधी त्याच्या हातांकडे पाहू लागलो.

ठाण्यात परतलो. दोन्ही पेन्सिली पुरावा म्हणून कापडात बांधून लाखेचे सील लावले आणि मुद्देमालाच्या खोलीला कुलूप घातले.